सकाळची गाडी गच्च भरते, तरी मार्ग तोट्यात कसा?

कोकणातील एका खाडीकाठच्या गावातील ग्रामपंचायत सदस्य भगिनींचा प्रश्न असा आहे : ‘आमच्या गावातून पावणेसातला सुटणारी मुक्कामाची एसटी तिसऱ्या-चौथ्या थांब्यालाच भरते. पुढच्या थांब्यांवरची मुले हात दाखवत राहतात आणि गाडी न थांबता निघून जाते. आम्ही दुसरी गाडी मागितली, तेव्हा आहे तोच मार्ग तोट्यात असून दुपारची फेरीही बंद करावी लागेल, असे उत्तर मिळाले. माणसे मावत नाहीत आणि तरीही तोटा, हा हिशेब आम्हाला कळत नाही. आम्हाला फसवले जात आहे का?’

आपल्याला फसवले जात आहे असे मला वाटत नाही, परंतु दाखवला गेला तो हिशेब अर्धा आहे. मी एसटीत तेहेतीस वर्षे काढली. आधी वाहक, मग वाहतूक नियंत्रक, आणि शेवटची बरीच वर्षे गाड्यांची शेड्यूल बसवण्याचे काम केले. मुंबई, ठाणे, पालघर सोडले तर कोकणात एसटीचे तीन विभाग : पेणला मुख्यालय असलेला रायगड, रत्नागिरी, आणि कणकवलीहून चालणारा सिंधुदुर्ग. या तिन्ही ठिकाणी आपल्यासारखी तक्रार मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी ऐकली आहे, आणि एका प्रसंगी चुकीचे उत्तरही दिले आहे. तो प्रसंग पुढे येईलच.

प्रथम आकडा कसा तयार होतो ते पाहू. आगार एखादा मार्ग दोन मापांनी मोजते. एक भारमान, म्हणजे गाडीने धावलेल्या अंतरात जितक्या आसनांची सोय होती त्यांपैकी किती वापरली गेली याची टक्केवारी. दुसरे दर किलोमीटरचे उत्पन्न. ही दोन्ही मापे पूर्ण दिवसाच्या सगळ्या फेऱ्यांवर काढली जातात, पावणेसातच्या एका फेरीवर नव्हे. समजा आपले गाव तालुक्यापासून तीस किलोमीटरवर आहे आणि चव्वेचाळीस आसनांची एक गाडी दिवसात तीन वेळा जाऊन येते. सकाळच्या फेरीत शेवटच्या आठ किलोमीटरांत सत्तर माणसे असतात, पण त्याआधीच्या बावीस किलोमीटरांत गाडी हळूहळू भरत येते आणि तिथली सरासरी पंचवीसच्या पुढे जात नाही. म्हणजे ज्या फेरीत दारावर माणसे लोंबकळतात, त्या फेरीचीही सरासरी सदतीसच निघते. तीच गाडी तालुक्याहून गावाकडे परतताना पाच माणसे असतात, कारण सकाळी आठ वाजता गावाकडे कोण जाणार? साडेअकराला गावातून अकरा, दुपारी परतताना चौदा, साडेतीनला गावातून सहा, आणि संध्याकाळी शाळा-कॉलेज सुटल्यावर पुन्हा पस्तीस. सहा फेऱ्यांची सरासरी अठरा येते, आणि चव्वेचाळीसपैकी अठरा म्हणजे एक्केचाळीस टक्के भारमान. आपण पाहता ती गाडी दाराबाहेर माणसे लोंबकळणारी, आगार पाहते ती निम्म्याहून अधिक रिकामी, आणि गाडी मात्र एकच.

आता पैसा पाहू. जानेवारी २०२५ मध्ये भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढल्यानंतर सहा किलोमीटरच्या पाच टप्प्यांचे साध्या गाडीचे पूर्ण तिकीट पन्नास रुपयांच्या जरासे वर जाते. त्या सत्तर जणांत एकेचाळीस विद्यार्थी पासवाले, अठरा महिला अर्ध्या तिकिटाच्या, चार जण पासष्टी ओलांडलेले तेही अर्ध्या तिकिटाचे, चार जण पंचाहत्तरीपुढचे विनामूल्य, आणि पूर्ण तिकीट काढणारे पुरुष जेमतेम तीन, असे धरा. वाहकाचा अनुभव असलेला कोणीही सांगेल की आतल्या मार्गांवरचे हे प्रमाण फारसे अतिशयोक्त नाही. सगळे जण पहिल्या थांब्यापासून बसले असे मानले तरी वाहकाच्या बॅगेत सव्वासातशे रुपयांच्या आसपास रोकड पडते, म्हणजे किलोमीटरला चोवीस रुपये. प्रत्यक्षात निम्मे प्रवासी मधल्या थांब्यांवर चढलेले असतात, तेव्हा रक्कम त्याहून कमीच. एसटीची साधी गाडी एका लिटर डिझेलमध्ये साडेचार किलोमीटरच्या आसपास चालते, आणि आपल्याकडच्या चढ-उतारांवर त्यालाही कात्री लागते. लिटरला नव्वद रुपये धरले तर नुसते डिझेल किलोमीटरला वीस रुपयांचे. चालक-वाहकाचे वेतन, टायर, सुटे भाग, आगाराचा खर्च हे सगळे अजून बाजूलाच आहे. थोडक्यात, आपल्याला गच्च दिसणारी फेरी रोकडीत पाहिली तर डिझेल भागवून चहापाण्यापुरते उरवते. मग पाच माणसांच्या फेरीचे काय होत असेल, ते सांगायला नको.

या रोकडीत न दिसणारा भाग मात्र मोठा आहे, आणि इथेच हिशेब अर्धा राहतो. पंचाहत्तर वर्षांवरील नागरिकांना मोफत प्रवास ऑगस्ट २०२२ पासून आणि महिलांना निम्म्या दराने प्रवास १७ मार्च २०२३ पासून सुरू झाला. विद्यार्थ्यांच्या पासाला ६६.६७ टक्के सवलत त्याच्या कितीतरी आधीपासून आहे, आणि बारावीपर्यंतच्या मुलींना पास विनामूल्य मिळतो. या सवलतींची रक्कम राज्य शासन महामंडळाला भरून देते. तिला प्रतिपूर्ती म्हणतात. आपल्या सकाळच्या फेरीची प्रतिपूर्ती धरली तर तिचे मोल रोकडीच्या दुपटीहून अधिक भरते. परंतु प्रतिपूर्ती राज्य पातळीवर, मुख्यालयाकडे आणि मागाहून येते, तर डिझेलचा टँकर आणि टायरची निकड आगाराला त्या दिवशी भागवावी लागते. शिवाय अर्ध्या तिकिटाची नोंद मशीनमध्ये आपोआप होते, पासवाल्या मुलाची त्या-त्या फेरीत होतेच असे नाही. गर्दीच्या वेळी वाहक दारातून आत सरकूच शकत नाही, तिथे पास पाहून त्याची नोंद करणे दूरच. थांब्यावर राहिलेला मुलगा तर कोणत्याही मशीनमध्ये, वाहकाच्या हिशेबाच्या कोणत्याही वे-बिलात नसतो. गाडीत न चढू शकलेला प्रवासी कागदावर जन्मालाच येत नाही.

ही गोष्ट कोकणात अधिक जाणवते, त्याला लोकसंख्येचे कारण आहे. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ महिला होत्या. हे प्रमाण राज्यात सर्वांत जास्त होते. सिंधुदुर्गातही महिला पुरुषांहून अधिक, १०३६. आणि २००१ ते २०११ या दहा वर्षांत दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली : रत्नागिरीची जवळपास सतरा लाखांवरून सव्वासोळा लाखांच्या खाली, सिंधुदुर्गाची सुमारे एकोणीस हजारांनी. कमावता पुरुष मुंबईला, घरी बाई, म्हातारी माणसे आणि शाळेतली मुले. म्हणजे पूर्ण तिकीट काढणारा माणूस ज्या प्रदेशात मुळातच कमी, तिथल्या आगारांना सवलतीचा भार सर्वाधिक. महिलांच्या सवलतीवर टीका करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. तिच्यामुळे ज्या बायका पूर्वी महिन्यातून एकदा तालुक्याला जात, त्या आता बँकेत, दवाखान्यात, बाजारात आठवड्याला जातात, आणि वाहतूक खात्याच्या माणसाला याहून चांगली बातमी नाही. फक्त प्रवासी वाढले त्या प्रमाणात गाड्या वाढल्या नाहीत. कोविडपूर्वी महामंडळाचा ताफा अठरा हजारांहून मोठा होता. नंतरच्या वर्षांत तो पंधरा हजारांच्या आसपास येऊन ठेपला. गर्दीचे सर्वांत सरळ कारण हेच आहे.

दुसरे कारण भूगोलात आहे. देशावर एक मार्ग एका बाजारगावाहून निघतो, चार गावांतून जातो आणि दुसऱ्या बाजारगावी संपतो. गाडीला दोन्ही दिशांना माणसे मिळतात. आपल्याकडे रस्ता खाडीने अडतो. दाभोळच्या धक्क्यावर उभे राहिले की समोर धोपावे दिसते, जेट्टीवरून फेरीबोट दहा-पंधरा मिनिटांत पोचते, पण एसटीला दापोलीहून गुहागरला जायचे तर आत शिरून चिपळूणचा वळसा घ्यावा लागतो. तवसाळ-जयगड, वेसवी-बागमांडले, आगरदांडा-दिघी, सगळीकडे तीच तऱ्हा. त्यामुळे किनारी गावांचे मार्ग माशाच्या काट्यासारखे : मधल्या कण्यातून बाजूला गेलेला प्रत्येक काटा टोकाला संपतो आणि गाडीला आलेल्या वाटेनेच परत फिरावे लागते. त्यात गाव म्हणजे एक वस्ती नाही, अर्धा-पाऊण किलोमीटर अंतराने विखुरलेल्या आठ-दहा वाड्या. प्रत्येक वाडीला थांबा दिला तर वेळ मोडते, नाही दिला तर पावसात म्हाताऱ्या माणसाने चिऱ्याच्या पायऱ्यांच्या पाखाडीवरून चालत यायचे. रेल्वेचाही इथे उपयोग बेताचाच होतो, कारण कोकण रेल्वे आतून गेली. मालवण, देवगड, वेंगुर्ले, गुहागर, दापोली यांपैकी एकाही गावात तिचे स्टेशन नाही. स्टेशनवर उतरलेल्या माणसाला शेवटी एसटीच लागते.

रेल्वेचा उल्लेख आला तर निधीच्या एका जुन्या झऱ्याबद्दल सांगितले पाहिजे, कारण तो आटल्याचे फारसे कोणी बोलत नाही. मी नोकरीला लागलो तेव्हा कोकणातील आतल्या फेऱ्यांचा तोटा मुंबईच्या गाड्या भरून काढत. प्रत्येक आगाराच्या परळ, मुंबई सेंट्रल, बोरिवलीच्या रातराण्या बारा महिने भरून जात आणि त्यांच्या जिवावर वाडीवस्तीची गाडी चाले. ही सोय कोणत्याही कायद्यात लिहिलेली नव्हती, पण प्रत्येक आगार व्यवस्थापकाला पाठ होती. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, पाठोपाठ खासगी आरामगाड्या वाढल्या, आणि महामार्गाच्या चौपदरीकरणाचे काम इतकी वर्षे रेंगाळले की एसटीचे वेळापत्रक पाळणे अशक्य झाले. लांबचा प्रवासी गेला. वाडीची गाडी मात्र तशीच राहिली, कारण तिला पर्याय नव्हता. तिचा पोशिंदा गेल्यावर तिचा तोटा उघडा पडला. तो आधीही होताच.

मग हा तोटा कोणी सोसायचा, याविषयी कायद्याची भूमिका दुटप्पी आहे. १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ अधिनियमाच्या कलम २२ नुसार महामंडळाने व्यवसायाच्या तत्त्वांवर कारभार करायचा आहे. त्याच महामंडळाने तीसच्या आसपास समाजघटकांना सवलती द्यायच्या, गणपतीत आणि आषाढीला जादा गाड्या सोडायच्या, निवडणुकीला गाड्या पुरवायच्या, आणि दहावी-बारावीच्या परीक्षेच्या दिवशी काहीही झाले तरी फेरी रद्द करायची नाही, अशीही अपेक्षा असते. या अपेक्षांशी माझे काही भांडण नाही. पण ज्याला दुकानदार व्हायला सांगितले त्यालाच अन्नछत्र चालवायला सांगितले, तर वहीखाते कधीच जुळणार नाही. जून २०२५ मध्ये मांडलेल्या श्वेतपत्रिकेत संचित तोटा दहा हजार कोटींच्या पुढे दिसतो, तो यातूनच साठत आलेला आहे. त्यावर कळस म्हणजे प्रवासी कर. १९५८ च्या कायद्यानुसार एसटीच्या भाड्यावर १७.५ टक्के प्रवासी कर लागतो. एका हाताने शासन तिकिटामागे कर घेते, दुसऱ्या हाताने सवलतीची प्रतिपूर्ती देते, आणि या देवाणघेवाणीत आगारातल्या कारकुनाचे आयुष्य जाते.

प्रतिपूर्तीची पद्धत तिकिटामागे आहे, ही माझ्या मते मुख्य अडचण आहे. पैसा माणसे नेण्याबद्दल मिळतो, गाडी चालवण्याबद्दल नाही. गाडीत जितकी माणसे कोंबाल तितकी प्रतिपूर्ती वाढते, आणि तीच माणसे दोन गाड्यांत सोयीने नेलीत तर प्रतिपूर्ती तितकीच राहते, खर्च मात्र दुप्पट. म्हणजे आजची पद्धत गर्दीलाच बक्षीस देते. दुपारी पाच माणसांना घेऊन वाडीपर्यंत जाणाऱ्या गाडीला कोणीच काही देत नाही. त्याऐवजी ठरावीक आतल्या मार्गांना ‘किमान सेवा’ म्हणून दर किलोमीटरमागे निधी द्यावा, आणि जितके किलोमीटर प्रत्यक्ष धावले तितकाच द्यावा, ही मागणी मी नोकरीत असताना टिपणांतून केली, निवृत्तीनंतर सभांतून केली. मानव विकास कार्यक्रमात मुलींच्या शाळेसाठी ज्या निळ्या गाड्या दिल्या गेल्या, त्यांच्यामागचा विचार याच्या जवळ जाणारा होता : विशिष्ट कामासाठी विशिष्ट गाड्या आणि त्यांचा स्वतंत्र पैसा. त्या गाड्यांनी अनेक मुलींचे शिक्षण आठवीला थांबू दिले नाही, हे मी पाहिले आहे. जिल्हा नियोजन समितीकडून रस्त्याला, साकवाला, सभागृहाला निधी मिळतो. स्थानकाच्या इमारतीलाही कोठून ना कोठून मिळतो. फेरीला मिळत नाही, बहुधा फेरीचे उद्घाटन करता येत नाही म्हणून.

आता माझी चूक सांगतो, कारण आपल्या दुपारच्या फेरीचा प्रश्न तिच्यात आहे. सुमारे वीस वर्षांपूर्वी एका किनारी आगारात तोट्यातली शेड्यूल छाटण्याचे काम माझ्याकडे आले. एका मार्गावर दुपारी एकची फेरी सातत्याने अकरा-बारा माणसांची दिसत होती. ती बंद केली तर दिवसाचे साठ किलोमीटर वाचत होते आणि मार्गाचे भारमान कागदावर पाच-सहा टक्क्यांनी सुधारत होते. मी शिफारस केली, ती मंजूर झाली, वरून शाबासकीही मिळाली. पहिल्या महिन्यात आकडे खरोखरच सुधारले. दुसऱ्या महिन्यात सकाळच्या फेरीचे रोख उत्पन्न उतरू लागले. मला कारण कळेना, म्हणून एके दिवशी पहाटे जाऊन मुक्कामाच्या गाडीत शेवटच्या बाकावर बसलो. त्या बाकाखाली रोज दोन-तीन कोळणींच्या माशांच्या पाट्या असत आणि त्यांवरून वाहकाशी रोज ठरलेले भांडण असे. त्या दिवशी बाकाखाली काहीच नव्हते. वाहकाला विचारले, तर तो म्हणाला, ‘साहेब, त्यांचा बाजार बाराला आटपतो. परत यायला गाडी संध्याकाळची. पाच तास त्या बाजारात काय करतील? येता-जाता वडापची खासगी जीपच धरतात आता.’ बँकेत जाणारे पेन्शनर, दवाखान्यात जाणाऱ्या बायका, पंचायत समितीत कामाला गेलेले लोक, सगळ्यांचे तेच झाले होते. परतीची सोय तुटली म्हणून त्यांनी जाण्याची गाडीही सोडली. राहिली पासवाली मुले, आणि गर्दी तेवढीच दिसत होती. सहा महिन्यांत तो संपूर्ण मार्गच बंद करण्याच्या यादीत आला. दुपारची फेरी पुन्हा सुरू करायला मला दीड वर्ष लागले, आणि वडापकडे गेलेल्यांपैकी निम्मेच परत आले.

तेव्हा दुपारची रिकामी फेरी बंद होऊ देऊ नका. तिचे उत्पन्न तिच्या तिकिटांत मोजायचे नसते. सकाळी पूर्ण किंवा अर्धे तिकीट काढून जाणाऱ्या प्रत्येकाला तिच्याच भरवशावर घरातून निघता येते. फार तर ती अर्धा तास मागे-पुढे करून बाजार आटपण्याच्या वेळेशी जुळवून घ्या.

सकाळच्या गर्दीवर दुसरी गाडी मागणे स्वाभाविक आहे, पण सकाळी सात ते साडेनऊ या वेळेत कोणत्याही आगारात एकही गाडी मोकळी नसते. ज्या दोन-तीन गाड्या जादा दिसतात त्या दुरुस्तीला लागलेल्यांच्या बदल्यात ठेवलेल्या असतात, आणि खाऱ्या वाऱ्याने आपल्याकडे गाडीचा पत्रा देशापेक्षा लवकर कुजतो, त्यामुळे कार्यशाळेत उभ्या गाड्याही जास्त. दुसरी गाडी मागितली की ती कोणत्या तरी दुसऱ्या गावाची काढूनच द्यावी लागते. त्यापेक्षा एक साधा उपाय आहे, त्याला पैसा लागत नाही, फक्त दोन मुख्याध्यापकांनी एकत्र बसायला हवे. एकाच रस्त्यावरची हायस्कुले आणि ज्युनियर कॉलेज सगळी एकाच वेळी भरत असतील, तर सगळी मुले एकाच गाडीवर पडतात. त्यांपैकी एका शाळेने वेळ तासभर पुढे नेली, तर तीच गाडी मधल्या मोठ्या थांब्यापासून दुसरी छोटी फेरी मारू शकते. वर दिलेल्या उदाहरणात खरी गर्दी शेवटच्या आठ किलोमीटरांतच आहे, हे आपल्या लक्षात आले असेल. म्हणजे तीस किलोमीटरची दुसरी गाडी नकोच आहे. आठ किलोमीटर जाऊन-येऊन सोळाची एक फेरी पुरे. अशा फेऱ्या मी चार ठिकाणी बसवल्या आहेत. चारांपैकी तीन टिकल्या. चौथी मोडली, कारण पुढच्या वर्षी मुख्याध्यापक बदलले आणि शाळेची वेळ पुन्हा पूर्वीची झाली.

गाडीच्या आकाराचाही विचार करायला हवा. अरुंद रस्ता आणि आंधळी वळणे असलेल्या आतल्या मार्गांवर मिडी बस सोयीची पडते, दिवसाच्या पातळ फेऱ्यांना परवडतेही. पण ती सकाळी आणखी तोकडी पडेल. जिथे सकाळी सत्तर आणि दुपारी दहा माणसे असतात, तिथे एका आकाराची गाडी दोन्ही वेळांना पुरी पडणार नाही. म्हणून छोटी गाडी मिळेल म्हणून मोठी सोडू नका.

ऐन हंगामात गाड्या कुठे जातात, हेही आपण विचारायला हरकत नाही. गणपतीत मुंबईहून कोकणासाठी जादा गाड्यांचा आकडा २०२५ मध्ये पाच हजारांच्या घरात गेला. बहुतेक गाड्या राज्याच्या इतर विभागांतून येतात हे खरे, परंतु त्या दिवसांत चालक, वाहक, नियंत्रक आणि डिझेल सगळेच ओढले जाते आणि आतल्या फेऱ्या मुकाट्याने रद्द होतात. आंगणेवाडीची जत्रा, कुणकेश्वराची महाशिवरात्र, आषाढीची पंढरपूर वाहतूक, नोव्हेंबर-डिसेंबरमधल्या शालेय सहली आणि मे महिन्यातली लग्ने हे सगळे आगाराच्या कमाईचे दिवस. प्रासंगिक करारावर, म्हणजे लग्न-सहलीला पूर्ण भाड्याने, दिलेली गाडी पूर्ण पैसे आगाऊ देते. आपली फेरी देत नाही. व्यवस्थापकाच्या जागी बसल्यावर हा मोह आवरणे कठीण असते, मी आवरू शकलो असे म्हणणार नाही. पण करारावर दिलेल्या गाडीमुळे शाळेची फेरी रद्द झाली असेल, तर ती नोंद आगारात असते आणि माहितीच्या अधिकारात मागता येते. आपल्या मार्गाचे गेल्या सहा महिन्यांचे नियोजित किलोमीटर, रद्द किलोमीटर आणि रद्द करण्याचे कारण एवढे तीन रकाने मागा. भारमानाच्या वादात पडण्यापेक्षा हे तीन रकाने जास्त बोलतात.

आगाराकडे जाताना ठरावाबरोबर मोजणी घेऊन जा. ग्रामसभेचे ठराव आगारात गठ्ठ्याने पडलेले असतात. मोजणी क्वचितच येते आणि म्हणून वाचली जाते. शंभर पानी वही घ्या, प्रत्येक थांब्यावर एक जबाबदार मुलगा किंवा मुलगी नेमा आणि सलग पंधरा दिवस पाच गोष्टी लिहा : गाडीची वेळ, चढलेले, मागे राहिलेले, मागे राहिलेल्यांपैकी विद्यार्थी किती, आणि ते शेवटी कशाने गेले. शेवटचा रकाना विसरू नका. वडापने गेले, दुचाकीवर तिघे बसून गेले, की घरी परतले, यावरून आगाराला कळते की दुसरी फेरी सोडली तर कितीजण खरोखर येतील. रविवार आणि बाजाराचा वार वेगळे दाखवा. ही वही आगार व्यवस्थापकांकडे द्या आणि प्रत विभाग नियंत्रकांना पाठवा. जुलै २०२४ मध्ये महामंडळाने सोमवारी आणि शुक्रवारी आगारात प्रवाशांची गाऱ्हाणी ऐकण्यासाठी ‘प्रवासी राजा दिन’ सुरू केला. त्या दिवशी विभाग नियंत्रक समोर भेटतात, तेव्हा शाळेची एक शिक्षिका आणि दोन पालक बरोबर न्या. मोठा मोर्चा नेऊ नका. मोर्चा पाहिला की अधिकारी आश्वासन देतो, वही पाहिली की वेळापत्रक उघडतो.

मुक्कामाच्या गाडीबद्दल एक गोष्ट आपल्या ग्रामपंचायतीच्या हातात आहे, ती आजच करा. पावणेसातची फेरी मुळात आहे ती गाडी रात्री गावात राहते म्हणून. ती आगारातून सकाळी यायची ठरली तर साडेपाचला रिकामी निघावी लागेल, आणि असले तीस किलोमीटर कोणताही व्यवस्थापक पहिल्याच छाटणीत काढेल. चालक-वाहकांना रात्री काय मिळते ते एकदा जाऊन पाहा. मी वाहक असताना एका गावी सहा महिने देवळाच्या ओसरीवर झोपलो. आषाढात कौलांतून पाणी गळायला लागले की गाडीतल्या बाकावर जाऊन पाय मुडपून पडायचे, आणि पहाटे हातात डबा घेऊन काजूच्या बागेत जायचे. मुक्काम बंद करण्याच्या प्रस्तावांत कर्मचाऱ्यांच्या गैरसोयीचे कारण नेहमी असते आणि ते खोटे नसते. पंख्याची एक खोली, कडी लागणारे शौचालय आणि पहाटे पाचला पाणी येणारा नळ एवढे दिलेत, तर मुक्कामावर यायला चालक आपणहून तयार होतात.

अर्ज आणि वही मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात आगारात पोचली पाहिजे, म्हणून मोजणी परीक्षेचे दिवस टाळून जानेवारी-फेब्रुवारीत करून ठेवा. जूनच्या मध्यावर शाळा उघडतात तेव्हा त्या वर्षीच्या गाड्या आणि ड्युट्या वाटून झालेल्या असतात, आणि मग व्यवस्थापकाची कितीही इच्छा असली तरी त्याला आपल्याला दिवाळीनंतरचीच तारीख द्यावी लागते.